रक्तात सापडत नाही, तरी गाठीत टिकतो: एचआयव्ही, एआरटी आणि लसिका ग्रंथी

एचआयव्हीवर उपचार घेताना व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, मग गोळ्या आयुष्यभर कशाला? उत्तराचा मोठा भाग लसिका ग्रंथींत, म्हणजे मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या आणि आतड्याभोवतीच्या गाठींत आहे. शरीरातल्या लिम्फोसाइट, म्हणजे एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींपैकी जेमतेम 2 टक्के एका वेळी रक्तात असतात. बाकीच्या गाठी, प्लीहा, आतड्याचं अस्तर अशा ठिकाणी. आपण तपासतो ते मात्र रक्त.

इथे दोन वेगळ्या अडचणींची नेहमी सरमिसळ होते. गाठीतल्या पेशींत औषध कमी पोचणं ही एक. विषाणू पेशीच्या डीएनएत शिरून गप्प बसणं ही दुसरी. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्यांचा उपचार, नव्या पेशींना लागण होऊ देत नाही, पण ज्या पेशीत विषाणू आधीच दडलाय तिला मारत नाही. त्यामुळे औषध गाठीत पुरेपूर पोचलं तरी दुसरी अडचण जागच्या जागी राहते. हा दडलेला साठा निम्मा व्हायला सुमारे 44 महिने लागतात, आणि गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात 2 ते 4 आठवड्यांत विषाणू परत दिसू लागतो.

आता औषधाच्या वाटेकडे. एआरटीतल्या टेनोफोव्हिर या औषधाचा रेणू लहान आहे, गाठीच्या जाळीतून सहज जाईल इतका. अडतं ते पेशीच्या दाराशी, कारण त्यावर विद्युतभार असतो आणि पेशीचं स्निग्ध आवरण भारित रेणूला आत घेत नाही. म्हणून ते प्रोड्रग करून, म्हणजे शरीरात फुटल्यावर खरं औषध सुटेल अशा रूपात देतात. टीडीएफ आणि टीएएफ ही त्याची दोन रूपं. नेहमीच्या 300 मिलिग्रॅमच्या गोळीतलं टीडीएफ आतड्यात आणि रक्तातच फुटतं, आणि सुटं झालेलं टेनोफोव्हिर मग पेशीत सावकाश शिरतं. टीएएफ रक्तात टिकतं, लिम्फोसाइटमध्ये जातं आणि तिथे कॅथेप्सिन ए हे विकर त्याला फोडतं. म्हणून 25 मिलिग्रॅम पुरतात, आणि रक्तातलं टेनोफोव्हिर सुमारे 90 टक्के कमी राहतं. पण दोन्हींत काम करतो तो पेशीत दोन फॉस्फेट जोडून झालेला टेनोफोव्हिर डायफॉस्फेट. रक्तातली पातळी पाहून गाठीतल्या पेशीचा अंदाज बांधणं चुकीचं ठरतं ते यामुळेच.

गाठीतलं मोजणंही सोपं नाही. तुकडा काढून सरसकट वाटला तर पेशीबाहेरच्या द्रवातलं आणि रक्तातलं औषधही त्यात येतं. पेशी सुट्या करून धुवायला वेळ लागला, तर काही औषधं तेवढ्यात पेशीतून बाहेर झिरपतात आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून अशा अभ्यासाचे आकडे वाचताना नमुना कसा हाताळला ते आधी बघावं.

2014 साली कोर्टनी फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी 12 जणांच्या गाठी व आतडं तपासलं. पाच औषधांची पेशींतली पातळी रक्तातल्या पेशींपेक्षा बरीच कमी निघाली. मग गाठीत विषाणू वाढत राहतो का? 2016 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तसा दावा झाला, पण तो तीन रुग्णांच्या, उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांतल्या नमुन्यांवर होता. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. कमी औषधात विषाणू खरंच वाढत असता, तर नियमित गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात औषधाला दाद न देणारे प्रकार वारंवार दिसले असते. तसे दिसत नाहीत.

तरी गाठीपर्यंत थेट पोचायचे प्रयत्न मोलाचे आहेत. त्वचेखाली टोचलेले साधारण 10 ते 100 नॅनोमीटरचे कण रक्तकेशिकांत न शिरता लसिकावाहिन्यांत शिरतात. त्याहून मोठे कण टोचल्या जागीच अडकतात. वॉशिंग्टन विद्यापीठात स्निग्ध कणांत तीन औषधं एकत्र बांधून माकडांवर हे आजमावलं आहे.

टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर, घेणाऱ्यांनी मात्र गाठीपेक्षा पोटाकडे लक्ष द्यावं. लोह, कॅल्शियम किंवा अँटासिड डोलुटेग्राव्हिरला आतड्यातच धरून ठेवतं, मग ते रक्तातच येत नाही, तर गाठीत कुठून? अँटासिड घ्यायचंच असेल तर टीएलडी त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या जेवणासोबत एकत्र चालतात, रिकाम्या पोटी नाहीत.

आणि उपचार सुरू झाल्यावर मानेत गाठ सुजली तर ‘विषाणू तिथे लपलाय’ असं समजून घरी बसू नये. आपल्याकडे ती बऱ्याचदा टीबीची निघते, सुई टाकून सीबीनॅट या टीबीच्या तपासणीला नमुना पाठवावा लागतो. टीबी निघाला आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध सुरू झालं, की ते डोलुटेग्राव्हिर लवकर शरीराबाहेर घालवतं. म्हणून टीएलडीनंतर 12 तासांनी डोलुटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते, आणि ती रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायची असते. एआरटी सेंटरवर टीबीची गोळी सुरू झाल्याचं त्याच दिवशी सांगावं.