पाच वाजता आलेला माणूस

रविवार, रात्री साडेदहा

चर्चमधल्या प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस घेतात त्या विधीचा, रस गेली अठरा वर्षं आमच्याच घरून जातो. शनिवारी रात्री मार्केट यार्डातला अर्धा किलो बेदाणा भिजत घालायचा. तोही जरा काळपट, स्वस्तातला, कारण उकळून गाळल्यावर कुणाला कळतंय? पावाच्या कडा काढून चौकोन पाडायचं कामही माझंच. सगळे चौकोन सारखे हवेत, हा माझा हट्ट.

आज पाळकांनी उपदेशाला बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय घेतला, येशूनं सांगितलेली गोष्ट. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाच वाजता. सहाला सुट्टी. सगळ्यांच्या हातावर एकेकच दीनार, म्हणजे तेव्हाचा एका दिवसाचा रोज. वर वाटप शेवटच्यापासून! पहाटेच्यांनी ते बघत उभं राहायचं. (त्यांना आधी देऊन वाटेला लावलं असतं तर तक्रारच झाली नसती, असं मला दरवेळी वाटतं.)

आईनं तासगावकडं चौदा वर्षं घडांची विरळणी केली. मान वर, हात वर, बारीक कात्रीनं एकेक मणी काढायचा. रात्री भाकरी मोडताना तिची बोटं वळायची नाहीत. दहा मिनिटं उशीर झाला की मुकादम अर्धा रोज कापायचा. एकदा मला ताप होता म्हणून उशीर झाला, तरी कापलाच.

तो मुकादम आज आमच्याच बाकावर होता. गेल्या महिन्यात बाप्तिस्मा घेतला, सत्तरी उलटल्यावर. तबक त्याच्यापर्यंत गेलं आणि त्यानं चौकोन उचलला. मी कापलेला, इतरांएवढाच. पेला उचलताना त्याचा हात इतका थरथरायला लागला की रस पांढऱ्या सदऱ्यावर सांडणार. आईनं शेजारून त्याचं मनगट धरलं. त्याचं पिऊन होईपर्यंत धरून ठेवलं.

माझा जीव नुसता जळला. खरं तेच लिहिते.

दुपारभर मी त्याच्या बाजूनं काहीतरी शोधत होते. पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभं राहणंही सोपं नसतं, रिकाम्या हातानं घरी काय तोंड दाखवायचं, वगैरे. बरं वाटलं. मग लक्षात आलं, मी त्याचा रोज बसवतेय! गोष्टीतला मालक असला हिशोब देतच नाही. माझं मी मला वाटेल त्याला दिलं, माझा चांगुलपणा तुझ्या डोळ्यात का सलतो, एवढंच विचारतो. बायबलमध्ये प्रेषित पौलानं इफिसकरांना पत्रात लिहिलंय की तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं, कर्मांनी नव्हे, म्हणजे कुणाला बढाई मारता येऊ नये. रविवारच्या शाळेत हे वचन न चुकता म्हटल्याबद्दल मला बक्षीस मिळालं होतं. स्टीलची वाटी. अजून वापरात आहे.

आणि माझी ही अठरा वर्षं? बेदाणे कुणी मोजायला सांगितले होते?

रात्री आईला विचारलं, त्याचा हात का धरलास? ती पावाच्या कडा दुधात कुस्करत होती, त्याच वाटीत.

"सांडलं असतं की."

मग जरा वेळानं म्हणाली, "त्या अर्ध्या रोजाचं विचारायचं राहूनच गेलं बघ."