उजव्या खांबातली कटकट

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. म्हापशाजवळ आमचं छोटं गराज आहे, माझं काम गाडीच्या आतलं, म्हणजे सीटा, डोअर पॅड, रूफ लायनिंग, आणि कुठून काय वाजतंय ते शोधणं. इंजिनाला मी हात लावत नाही.

गाडी आली ती मोठी जर्मन सेडान, पाच वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली. मालक काका डिचोलीचे, बोटीवर चीफ इंजिनिअर होते, रिटायर झाल्यावर एकदा तरी घ्यायचीच म्हणून घेतली. तक्रार एकच, उजवीकडे वर कुठेतरी कट् कट् वाजतं. दोन ठिकाणी दाखवून झालेलं, दोघांनीही सांगितलं की काका एवढं चालतं, गाडीला वय झालंय. काकूसुद्धा म्हणाल्या यांना भास होतो. त्यावर काका मला म्हणाले, "अरे तीस वर्षं मी इंजिनाच्या आवाजात झोपलोय, आवाज जरा बदलला की जाग यायची. आता कसला भास?" मला ते तिथंच पटलं.

आधी बाहेरून बघितली. पेंट मीटर लावला तर सगळीकडे ११० ते १३० मायक्रॉन, म्हणजे कंपनीचाच रंग, कुठे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली नाही. बोनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी, साधारण साडेतीन मिलिमीटर, वरपासून खालपर्यंत एकच रेघ. लेक्ससची ती जुनी जाहिरात बऱ्याच जणांनी बघितली असेल, फटीवरून स्टीलची गोळी घरंगळत जाते ती, तशी गोळी हिच्यावरूनही गेली असती. दरवाजा लावला की धप्प असा जड आवाज. काकांनी घेताना हेच सगळं बघून घेतलेलं आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही, कुणीही हेच बघतं.

मग गाडी घेऊन निघालो. काका चालवतायत, मी त्यांच्या मागच्या सीटवर, आमचा पेडण्याचा पोरगा पुढे डावीकडे. एसी बंद, रेडिओ बंद, फोनसुद्धा बाहेर काढायला लावले. गिरीपर्यंत काही नाही, डांबर चांगलं असलं की वाजतच नव्हतं. पणजीच्या अटल सेतूवर चढलो आणि पुलाच्या प्रत्येक जॉइंटला कट्, कट्. मी मागून हात लांब करून एकेक जागा दाबत गेलो, बेल्टचा हुक, सनरूफची कडा, आरशाजवळचं प्लास्टिक. शेवटी काचेच्या बाजूचा खांब, आपण ए पिलर म्हणतो तो, त्याच्यावरची पट्टी तळव्याने दाबली आणि पुढच्या जॉइंटला आवाज नाही. हात काढला, कट्. काका आरशातून माझ्याकडे बघत होते, काही बोलले नाहीत.

गराजमध्ये येऊन बॅटरीची मायनस वायर काढली आणि पंधरा मिनिटं थांबलो, कारण त्या खांबात कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडकीच्या बाजूने पडद्यासारखा उघडणारा, असतो आणि तिथं घाई करायची नसते. मग पट्टी काढायला गेलो तर ती हातातच आली. एवढ्या गाडीची पिलरची पट्टी हातात येणं म्हणजे काहीतरी घोळ आहे हे तेव्हाच कळलं.

तिथल्या क्लिपा साध्या नसतात. प्रत्येक क्लिपला एक प्लास्टिकची शेपटी असते. एअरबॅग फुटला की पट्टी थोडी उघडून त्याला वाट देते पण शेपटीमुळे खांबालाच लटकून राहते, नाहीतर ती पट्टी उडून ड्रायव्हरच्या तोंडावर येईल. पट्टी काढली की या क्लिपा फेकून नवीन टाकायच्या असतात. इथं शेपट्या कटरने कापलेल्या, पट्टी डबल टेपवर आणि एका जागी सिलिकॉनवर चिकटवलेली. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत टेप किती दिवस टिकणार? ती सुटली आणि पट्टी वाजायला लागली. पण ते वाजणं हे सगळ्यात बारकं दुखणं निघालं.

"पात्रांव, हांगा पळय," म्हणजे मालक, इकडे बघ, पोरगा कोकणीत म्हणाला. सनरूफच्या कोपऱ्यातून पाणी खाली नेणारी करंगळीएवढी रबरी नळी याच खांबातून जाते. ती तिच्या जागेवरून सरकून पट्टीखाली चेपलेली, एका ठिकाणी चक्क घडी पडलेली. मी सनरूफ उघडून डाव्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी सोडलं, थोड्याच वेळात ते पुढच्या चाकाजवळ खाली आलं. उजवीकडे सोडलं, खाली काहीच नाही. दुसरा तांब्या, तरी नाही. काकू ड्रायव्हर सीटवर बसून तळवा कार्पेटवर दाबून होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, ओलं लागतंय." त्यांचा आवाज एकदम बदलला, कारण इतके दिवस त्या भास म्हणत होत्या.

कार्पेट उचललं. असल्या गाड्यांत कार्पेटखाली जाड फोम असतो, आवाज अडवण्यासाठी, आणि तो पाणी स्पंजसारखा धरून ठेवतो. वळवाच्या दोन सरी आणि गाडी धुतलेलं पाणी, एवढंच गेलं असेल, पण पिळला तर पाणी गळत होतं आणि आंबूस वास. फोमखालून वायरिंगचा जाड जुडगा जातो, बाजूला एक कंट्रोल बॉक्स. पाणी त्याच्यापासून दोन बोटं लांब होतं. इकडे जूनपासून चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मला पुढचं सांगायची गरजच पडली नाही, काकांनी बोटाने अंतर मोजलं आणि खुर्चीवर जाऊन बसले.

हे सगळं झालं कशामुळे? पुढची काच. काचेवरचा वर्षाचा कोड बघितला तर बाकी काचांपेक्षा दोन वर्षं पुढचा, म्हणजे आधीच्या मालकाच्या वेळी दगड लागून काच बदललेली. अपघात नाही, काही नाही. पण ज्याने बदलली त्याने त्यासाठी खांबाची पट्टी काढून ती तशी चिकटवली, वर जुनी काच काढताना सुरी कडेच्या पत्र्यावर ओढली, रंग पार पत्र्यापर्यंत खरवडला, आणि प्रायमर न लावता वरून नवीन गम मारला. तिथं तांदळाच्या दाण्याएवढे गंजाचे ठिपके धरलेले, समुद्राच्या हवेत ते पसरायला वेळ लागत नाही. गंज धरला की गम पत्र्याला नीट धरत नाही. आणि पुढची काच काय फक्त वाऱ्यासाठी नसते, छपराला तिचा आधार असतो, डावीकडचा एअरबॅग फुटला की तिच्यावरच टेकून माणसाकडे येतो.

मी मग डाव्या खांबाची पट्टीपण काढली. गरज नव्हती, नवीन क्लिपा लागणार हे माहीत होतं, तरी काढली, कारण काकांना ते दाखवल्याशिवाय मला राहवेना. आत नळी आपल्या खाचेत बसलेली, वायरींवर कापडी टेप गुंडाळलेली, म्हणजे त्या पत्र्यावर घासून वाजू नयेत, क्लिपा सरळ रांगेत. काका टॉर्च धरून कितीतरी वेळ बघत होते. मलाही अशी जागा बघायला मिळाली की दिवसभर बरं वाटतं, खरंच सांगतो. फटी आणि लेदरवर लोक भरभरून बोलतात, फोक्सवॅगनचे फर्डिनांड पिएख १९९३ साली प्रमुख झाले ते तर फटीच्या मिलिमीटरवरून इंजिनिअरांना झोपू देत नसत म्हणतात, पण मला गाडी आवडते ती अशा बंद जागांमुळे.

काम नऊ दिवस चाललं. काच परत काढावी लागली, माझ्या ओळखीच्या चांगल्या काचवाल्याने गंज घासून, प्रायमर मारून नवीन गमवर बसवली. फोम सुकायलाच चार दिवस गेले, दोन पंखे रात्रंदिवस चालू ठेवून. नळी नवीन टाकली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा कंपनीच्या मागवल्या. पहिला मोठा पाऊस सुरू झाला तेव्हा गाडी अजून आमच्याच शेडमध्ये होती.

न्यायला दोघंही आले. अटल सेतूपर्यंत जाऊन परत आलो, काकू यावेळी माझ्या जागेवर मागे बसल्या आणि त्यांनीच हात लावून लावून बघितलं. निघताना काकांनी शेपट्या कापलेल्या त्या जुन्या क्लिपा मागून घेतल्या आणि रुमालात बांधल्या. काच कुणी बदललेली ते त्यांनी आधीच्या मालकाकडून शोधून काढलेलं, तिकडे जाणार म्हणाले. मी म्हटलं काका, भांडू नका, नुसत्या त्याच्या टेबलावर ठेवा आणि शेपटी कशासाठी असते ते सांगा, त्याला आजवर कुणी सांगितलंच नसेल.