उत्तरायणाच्या गच्चीवरचं चीज-फळांचं ताट

चीज-फळांचं ताट बिघडतं ते पाण्यामुळे. संत्र्याचा रस खाखऱ्यापर्यंत पोचतो, डाळिंबाचे फुटलेले दाणे पनीर गुलाबी करतात, धुऊन तशीच ठेवलेली स्ट्रॉबेरी खाली चिकट डबकं करते. म्हणून मी रंगसंगती नंतर बघते. आधी ओलं कुठे आणि कोरडं कुठे ते ठरवते.

मागाहून जेवण असेल तर माणशी 50 ग्रॅम चीज पुरे. आठ जणांना 150 ग्रॅम गूडा, 100 ग्रॅम चेडर आणि 150 ग्रॅम सुरती पनीर. फळं साधारण सव्वा किलो: दोन पेरू, तीन संत्री, एक डाळिंब, दहा-बारा स्ट्रॉबेरी, मूठभर बोरं. बडोद्यात ही सगळी फळं खंडेराव मार्केटात एका फेरीत मिळतात. पेरू करकरीत घ्यावा. पिकून दरवळणारा पेरू शेजारी असला की गूडाची सौम्य, लोणीदार चव कळतच नाही. सीताफळ आणि पपई या ताटात नकोतच, दोन्ही फार पाझरतात.

सुरती पनीर नेहमीच्या पनीरसारखं लिंबानं फाडलेलं नसतं. रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, घालून दह्यासारखं लावतात आणि खारट पाण्यात ठेवतात. पाहुण्यांत कडक शाकाहारी असतील तर रेनेट कुठलं ते दुकानदाराला विचारून घ्यावं. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातलं असतं, आता शाकाहारीही मिळतं. पाकीटबंद चीजवर हिरवा ठिपका बघितला की झालं. पनीर मांडायच्या अर्धा तास आधी गाळणीत काढते, मग मलमलच्या फडक्यावर पाच मिनिटं. दाबायचं नाही, लगेच मोडतं.

गूडा आणि चेडर फ्रिजमधून काढल्या काढल्या कापावं, गार असताना सुरी स्वच्छ चालते. मग झाकून 40 मिनिटं बाहेर. थंडगार चीज रबरासारखं लागतं, वासही बंद असतो. झाकायला प्लास्टिक नको, आत घाम धरतो. घट्ट पिळलेलं ओलसर फडकं चांगलं, कारण आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी असते आणि कापलेल्या कडा पटकन कडक होतात.

आता फळं. स्ट्रॉबेरी देठासकट धुऊन तासभर पंख्याखाली. देठ आधी काढला तर पाणी आत शिरतं. संत्र्याची फोड सोलायची नाही, फक्त पांढऱ्या शिरा काढायच्या. पातळ साल आहे तोवर रस आतच राहतो. डाळिंब आणि पनीर वेगवेगळ्या वाट्यांत. पेरूच्या फोडी सगळ्यात शेवटी, वर किंचित सैंधव. मीठ आधी लावलं की पाणी सुटलंच.

पाटावर केळीचं पान घालते. गॅसवर दोन्ही बाजूंनी क्षणभर फिरवलं की त्याचा हिरवा गडद होतो, चकाकी येते आणि ते चिरत नाही. आधी वाट्या, मग चीज, मग फळं. खाखरा पाटावर ठेवायचाच नाही, शेजारी डब्यात. साधा किंवा मेथीचा घ्यावा, मसाला खाखऱ्यापुढे चेडरसुद्धा फिकं पडतं.

थंडीत पोंक, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, मिळाला तर एक वाटी हवीच. पनीर, पोंक आणि वर लिंबू-मरी (मिरी) शेव हा घास मला गूडापेक्षा जास्त आवडतो. पोंक त्याच दिवशीचा हवा, शिळा झाला की गोडी जाते. शेव प्रत्येकानं आपापल्या घासावर घालावी.

14 आणि 15 जानेवारीला, म्हणजे उत्तरायणात पतंग उडवायच्या दोन दिवसांत, गच्चीवर मांडणी थोडी बदलते. एक हात मांज्यात गुंतलेला, म्हणून सगळं एका घासाचं कापायचं आणि टूथपिक लावायच्या. दुपारच्या उन्हात चीजला तूप सुटतं, तेव्हा 40 ऐवजी 15 मिनिटंच आधी काढावं, अर्धंच मांडावं आणि उरलेलं खाली फ्रिजमध्ये ठेवावं. पाट पाण्याच्या टाकीच्या सावलीत. दोन तासांवर बाहेर राहिलेलं पनीर परत ठेवू नये. चेडर उरलं तर दुसऱ्या दिवशी टोस्टवर जातं.