फौजी माणसाला युद्ध हवं असतं का?

सीमेवर काही घडलं की वानवडीतल्या आमच्या सोसायटीत कुणीतरी विचारतंच, "साहेब, तुम्ही इन्फंट्रीत होतात. एकदाचा सोक्षमोक्ष लावावा, असं तुम्हाला नाही का वाटत?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

युद्धातून काय मिळवायचं, जग आपल्या बाजूने कसं ठेवायचं, कुठे थांबायचं, हा हिशेब नेत्याने करायचा असतो. जवानाच्या वाट्याला त्यातली एक चढण येते. १९९९ मध्ये कारगिलला नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा सरकारचा आदेश होता. जग आपल्या बाजूने राहिलं. निर्णय योग्यच होता असं मी आजही मानतो. पण त्यामुळे पलीकडे जाऊन शत्रूची रसद तोडता येत नव्हती. तोलोलिंग शिखरावर आपली पोरं रात्री, आडोसा नसलेल्या उतारावरून, वरच्या गोळीबारात चढली. त्या युद्धात ५२७ जण गेले.

काश्मीरमधल्या हाजी पीर खिंडीचं मात्र मला अजून बोचतं. ऑगस्ट १९६५ मध्ये मेजर रणजितसिंग दयाल आणि १ पॅरा या छत्रीधारी पलटणीच्या जवानांनी ती खिंड पाकिस्तानकडून घेतली. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ती परत द्यायचं ठरलं. पाकिस्ताननेही जम्मूकडचं, त्यांनी घेतलेलं छांब सोडलं, हे खरं. शास्त्रीजींवर केवढा दबाव असेल, तेही कळतं. तरी ज्याचा जोडीदार त्या मोहिमेत पडला, त्याला ही देवाणघेवाण कशी समजावायची?

आणि करारावर सही झाली की नेत्यापुरतं युद्ध संपतं. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये एकदा जाऊन या. पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान तिथे वर्षानुवर्षं व्हीलचेअरवर आहेत. त्यांच्याशी बोला, घाई न करता.

म्हणून मला १९७१ महत्त्वाचं वाटतं. तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशॉ स्वतः सांगत, की एप्रिलमध्ये लगेच युद्ध सुरू करायला त्यांनी इंदिराजींना स्पष्ट नकार दिला होता: पावसाळा तोंडावर आहे, तयारी नाही, मला वेळ हवा. तो वेळ त्यांना मिळाला. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. फौजेचं आधी ऐकून घेणारं सरकार असेल आणि कुठे थांबायचं हे ठरलेलं असेल, तर आदेश आल्यावर फौजी मागे राहत नाही. मीही राहिलो नसतो.