आमची वाटचाल: विटी, काडी आणि लाल टिंब

दुकानावरची पाटी आजही डीटीपीचीच आहे. आत मात्र फ्लेक्सचं मशीन नाही, की पत्रिकांचे नमुने नाहीत. तीन कॉम्प्युटर आहेत आणि एका खोक्यात सात जुने मोबाईल, काहींच्या काचा तडकलेल्या. आम्ही आता गेम आणि काहीतरी शिकवणारी छोटी ॲप बनवतो. ओळखीचे लोक विचारतात, कुठल्या क्लासला गेला होता? क्लासला कुणीच गेलं नव्हतं. व्हिडिओ बघून शिकलो, असं मी सांगायचे. ते अर्धंच खरं आहे, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आमचं दुकान तळमजल्यावर होतं. मशीन गेलं, कागदाची रिमं गेली. माळ्यावर चढवलेला एक कॉम्प्युटर तेवढा वाचला. त्यातून उभं राहतोय तोवर मार्च 2020 चं लॉकडाऊन आलं. लग्नंच थांबली, मग पत्रिका कुठल्या? माझे धाकटे दीर तेव्हा मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष घरी बसून करत होते. एका संध्याकाळी म्हणाले, "वहिनी, चित्रं तुमची, बाकीचं मी बघतो. एखादा गेम करून बघू या का?" मी हो म्हटलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

कॉम्प्युटर चार जीबी रॅमचा. गेम बनवायचं मोठं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, त्यावर उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. भावजींनी शोधून गोदो आणलं. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झूर यांनी बांधलेलं हे इंजिन 2014 पासून एमआयटी परवान्याखाली सगळ्यांना खुलं आहे. पैसे नाहीत, विक्रीवर हिस्सा नाही. डाउनलोड शंभर एमबीच्या आतलं, आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. फाईल उघडली की काम सुरू. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या वळणाची आहे, आणि समासातल्या मोकळ्या जागेला तिच्यात अर्थ असतो. ही एक गोष्ट कळायलाच मला चार दिवस लागले. कुठे टॅब दाबलेला, कुठे स्पेस. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसायचं आणि इंजिन ओळ स्वीकारायचं नाही.

मग व्हिडिओ सुरू झाले. रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघं बसायचो. इंग्रजी उच्चार पटकन कळायचे नाहीत म्हणून वेग पाऊणपट ठेवायचा, दर दहा सेकंदांनी थांबवायचं, ओळ वहीत लिहायची, मग टाईप करायची. हिंदीतलेही पुष्कळ पाहिले. दोन वह्या भरल्या. व्हिडिओतलं माकड उडी मारायचं तसं आमचंही मारायला लागलं. पण व्हिडिओ बंद करून कोरी फाईल उघडली की दोघांचेही हात थांबायचे.

पहिला मोठा अडथळा एका बटणाचा होता. 'खेळ सुरू' या बटणावर बोट ठेवलं की काहीच होत नव्हतं. कोड अक्षर न् अक्षर व्हिडिओसारखा. आम्ही तो पुन्हा लिहिला, पुन्हा जुळवला. तीन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री भावजींना ओळीच्या आकड्याशेजारी चुकून क्लिक झालं आणि तिथे एक लाल टिंब उमटलं. ते काय, म्हणून वाचलं तेव्हा ब्रेकपॉइंट हा शब्द भेटला. खेळ त्या ओळीवर आला की थांबतो आणि त्या क्षणी कुठल्या नावात काय किंमत आहे ते सगळं दाखवतो. आम्ही बटणाच्या फंक्शनमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालायच्या कोडच्या तुकड्यात, टिंब ठेवलं, खेळ चालवला, बटण दाबलं. खेळ थांबलाच नाही.

म्हणजे आमची ओळ चुकीची नव्हती. त्या ओळीपर्यंत कुणी येतच नव्हतं. गोदोमध्ये बटण एक सिग्नल सोडतं, आणि तो कुणी ऐकायचा हे जोडून द्यावं लागतं. व्हिडिओतल्या माणसाने ती जोडणी बाजूच्या पॅनेलवर दोन क्लिकमध्ये करून टाकली होती. ती कोडच्या फाईलमध्ये उमटत नाही, पडद्यावरची मांडणी ठेवणाऱ्या सीनच्या फाईलमध्ये जाते. आम्ही फक्त कोड उतरवत होतो.

त्या रात्रीपासून आमची पद्धत बदलली. व्हिडिओ एकदा, न थांबवता, पूर्ण बघायचा. मग बंद करायचा आणि आठवेल तसं करायला घ्यायचं. अडलं की आधी लाल टिंब. एफ-नाईनने टिंब ठेवायचं, एफ-टेनने एकेक ओळ पुढे सरकायचं, एफ-इलेव्हनने फंक्शनच्या आत उतरायचं. शब्दाचा अर्थ हवा असेल तर कंट्रोल दाबून त्यावर क्लिक करायचं, इंजिनच्या आतच माहिती उघडते आणि तिला इंटरनेट लागत नाही. नेट रोज जाणाऱ्या घरात याचं मोल किती आहे ते मीच जाणे. भावजी तर नेट गेलेल्या संध्याकाळी जास्त शिकले, असं माझं ठाम मत आहे.

आमचा पहिला पुरा खेळ विटी-दांडूचा. गल, कोलणं, टोला, झेल, सगळं होतं. मोजणीवरून घरातच वाद झाला. वकट, लेंड, मुंड, नाल इथपर्यंत एकमत, पुढे माझ्या माहेरचे शब्द वेगळे आणि सासरचे वेगळे. शेवटी गावाप्रमाणे मोजणी निवडायची सोय ठेवली. खेळणाऱ्यांनी सर्वांत जास्त कौतुक त्याचंच केलं.

पण विटी दांडूला लागत नव्हती. दहापैकी तीन-चार टोले आरपार. दांडू हलतोय, विटी समोर आहे, तरी विटी दांडूच्या पोटातून पलीकडे. डीबग, म्हणजे चुका शोधायच्या, मेनूमध्ये टकरीचे आकार डोळ्यांना दिसतील अशी एक सोय आहे ती चालू केली, आणि खेळाचा वेग दहाव्या हिश्शावर आणला. तेव्हा कळलं. इंजिन भौतिकशास्त्राचा हिशेब सेकंदाला 60 वेळा करतं. आमची विटी सेकंदाला 20 मीटर वेगाने जात होती, म्हणजे एका हिशेबापासून दुसऱ्या हिशेबापर्यंत ती 33 सेंटिमीटर पुढे गेलेली असायची. दांडूची जाडी आम्ही चार सेंटिमीटर धरली होती. एका क्षणी विटी अलीकडे, पुढच्या क्षणी पलीकडे, आणि मधला प्रवास इंजिनच्या लेखी झालेलाच नाही. मग विटीची मागची जागा आणि आताची जागा यांच्यात रेघ ओढून त्या रेघेत दांडू येतो का, हे तपासायला लागलो. टोला बसायला लागला. भावजींनी कॉलेजात जे समीकरण परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, ते त्यांनी त्या दिवशी मला पाटीवर काढून समजावलं.

त्याच खेळात दुसरी एक चूक होती ती आमच्याकडे कधी दिसलीच नाही. भावजींच्या मित्राच्या लॅपटॉपवर विटी गोळीसारखी सुटायची. त्याचा स्क्रीन 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 चित्रं किंवा फ्रेम दाखवणारा, आमचा 60 चा. दांडू फिरवण्याचं आणि विटी पुढे सरकवण्याचं गणित आम्ही दर फ्रेमला ठरावीक अंतर असं मांडलं होतं, मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्याने गुणलं नव्हतं. व्हिडिओत तो गुणाकार होता. 'डेल्टा', म्हणजे तोच गेलेला वेळ, हा शब्द आम्ही वहीत लिहिलाही होता, पण तो कशासाठी आहे हे न कळल्यामुळे पुढच्या खेळात गळून गेला. तेव्हापासून खोक्यात वेगवेगळे मोबाईल जमवायला सुरुवात केली. मोबाईलच्या सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटून डेव्हलपर पर्याय उघडायचे, यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल लावायची. मग खेळ मोबाईलवर चालतो आणि लाल टिंब कॉम्प्युटरवर थांबतं.

1 मार्च 2023 ला गोदोची चौथी आवृत्ती आली आणि आमच्या दोन्ही वह्या एका दिवसात जुन्या झाल्या. कायनेमॅटिकबॉडीचं नाव कॅरेक्टरबॉडी झालं, 'यील्ड'च्या जागी 'अवेट' आलं, 'ऑनरेडी' आणि 'एक्सपोर्ट' यांच्यापुढे 'ॲट'चं चिन्ह लागलं. तेव्हा नेटवरचे बहुतेक व्हिडिओ तिसऱ्या आवृत्तीचे होते, आणि शिकाऊ मुलं खाली हताश होऊन विचारायची की हे चालत का नाही. तीन वर्षांपूर्वी आम्हीही तिथेच असतो. आता एरर वाचायची सवय झाली होती, त्यामुळे जुना विटी-दांडू चौथ्या आवृत्तीत आणायला आम्हाला नऊ दिवस लागले. व्हिडिओ लावण्याआधी त्याची तारीख आणि आवृत्ती बघा, हे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा सांगते. ब्रॅकीज हे गाजलेलं चॅनल 2020 मध्ये थांबलं होतं, ते 2024 मध्ये परतलं आणि गोदो शिकवायला लागलं. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलीला सुरुवात आम्ही तिथूनच करून दिली.

आमचं घर खऱ्या अर्थाने ज्यावर चालायला लागलं, ते काम मात्र द्राक्षाचं. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांची तासगाव तालुक्यात बाग आहे. तिथल्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी विटी-दांडू पाहिला आणि विचारलं, छाटणी शिकवणारं असं काही करता येईल का? आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. ऑक्टोबरला काडी कुठल्या डोळ्यावर (डोळा म्हणजे कोंब फुटायची जागा) कापायची यावर वर्षाचा माल ठरतो, कारण घड कुठल्या डोळ्यात आहे ते बाहेरून दिसत नाही. टोळीत नवा पोरगा आला आणि त्याने चुकीच्या डोळ्यावर कात्री लावली तर ती काडी त्या वर्षापुरती वांझ. म्हणून आधी मोबाईलवर हात बसावा, ही त्यांची कल्पना.

गोदोमध्ये सगळं नोडमध्ये, म्हणजे खेळाच्या एकेका घटकात, मांडतात आणि नोडच्या पोटात नोड. आम्ही ओलांडा, म्हणजे वेलीची तारेवर पसरलेली आडवी फांदी, हा एक नोड केला, त्याच्यावर काड्या, काडीवर डोळे. आबा बघत होते, म्हणाले, "हे तर वेलच मांडलंय की." इंजिनमध्येही त्या मांडणीला झाडच म्हणतात.

पहिल्या दाखवणुकीच्या दिवशी चौथ्या कापानंतर ॲप थिजलं. मालक समजूतदार, म्हणाले पुढच्या आठवड्यात या. घरी येऊन मोबाईल केबलला लावला, तोच काप घेतला, आणि खेळ गुण मोजण्याच्या ओळीवर थांबला. बाजूच्या यादीत कोणी कोणाला बोलावलं ते ओळीने दिसत होतं. गुण मोजणाऱ्या स्क्रिप्टने सुरुवातीलाच सगळ्या डोळ्यांची यादी करून ठेवली होती. काडी कापली की आम्ही ती 'क्यू-फ्री' करून मोकळी करायचो. काडीबरोबर तिचे डोळेही जायचे, पण यादीत त्यांची नावं तशीच. नसलेल्या डोळ्याला स्क्रिप्ट विचारत होती, तुझ्यात घड आहे का? काडी जाताना तिनेच सिग्नल सोडून आपले डोळे यादीतून काढून घ्यावेत, अशी व्यवस्था केली. वर 'इज-इन्स्टन्स-व्हॅलिड'ची तपासणी लावली. ही तपासणी एकटीच लावून भागलं असतं, पण मग यादी खोटीच राहिली असती, आणि मला ते पटलं नाही.

दुसरा दोष त्याहून खोल होता. मालकांनी काप मागे घेण्याची सोय मागितली, म्हणून कापलेला तुकडा नष्ट न करता आम्ही तो 'रिमूव्ह-चाइल्ड'ने नुसता झाडावरून उतरवून जवळ ठेवायला लागलो. वीस मिनिटं खेळलं की स्वस्तातले मोबाईल तापायचे आणि ॲप आपोआप बंद व्हायचं. चालू खेळातलं झाड 'रिमोट' या टॅबमध्ये दिसतं, तिथे सगळं ठीक. आठवडाभर कारण मिळेना. आमच्याकडे शिकणाऱ्या त्या मुलीनेच मॉनिटर्सचा टॅब उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ऑर्फन नोड्स, म्हणजे ज्यांना झाडात जागा नाही आणि ज्यांना मोकळंही केलेलं नाही असे नोड. प्रत्येक नवीन वेलीगणिक तो आकडा अडीचशेच्या आसपास वाढत होता. झाडात दिसणार कसे? ते झाडावर नव्हतेच. मागच्या वेलीच्या कापलेल्या काड्या आम्ही मेमरीत तशाच साठवत होतो. आबांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "छाटलेलं बागेतच पडू दिलं तर रोग धरणारच. उचलून बाहेर न्यायचं असतं." वेल संपली की उतरवून ठेवलेलं सगळं मोकळं करायचं, ही ओळ त्या दिवशी लिहिली. तिच्यावरच्या टिपणीत आबांचं वाक्य तसंच आहे.

त्या कामाच्या पैशातून दुसरा कॉम्प्युटर आला, सोळा जीबीचा. नंतर बेदाण्याच्या प्रतवारीचं एक काम झालं, एका शाळेसाठी अपूर्णांकांचे खेळ झाले. भावजींनी नोकरीचा विचार सोडला. ती मुलगी आता महिन्याच्या पगारावर आहे आणि मोबाईलवरच्या चाचण्या तीच बघते.

यंदाच्या ऑक्टोबर छाटणीआधी नवीन आवृत्ती द्यायची आहे. परवा रात्री खोक्यातल्या सर्वांत जुन्या मोबाईलवर पंचेचाळीस मिनिटं खेळ चालवला, ऑर्फनचा आकडा शून्यावर राहिला. सकाळी तोच मोबाईल आबांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी तीन वेली छाटल्या, चौथ्यावर थांबले. "ही सबकेन आहे ना? मग गाठीच्या इतक्या वर कापली तरी तुझं यंत्र बरोबर म्हणतंय." मी बघितलं. त्यांचं खरं होतं. सबकेन म्हणजे शेंडा खुडल्यावर काडीला फुटलेली पुढची काडी. ती जिथे जुळते त्या गाठीचा विचार आम्ही गुणांच्या हिशेबात घेतलाच नव्हता. भावजी बागेतच पारावर लॅपटॉप उघडून बसले आणि आबा हातात खरी काडी घेऊन त्यांच्या शेजारी.