माझा अनुभव: जाहिरात ‘लर्निंग’मधून बाहेर काढताना

फेसबुकवर पेज तयार करणं, फोटो चढवणं, कार्ड जोडणं, पहिली जाहिरात मंजूर करून घेणं, यात फारसं काही अडत नाही. खरं अडतं ते पुढे, जाहिराती चालवायच्या पानावर, म्हणजे अ‍ॅड्स मॅनेजरमधल्या ‘डिलिव्हरी’च्या, म्हणजे जाहिरातीची स्थिती सांगणाऱ्या, रकान्यात. तिथे ‘लर्निंग’ असं दिसतं, आठवडा उलटला तरी तेच दिसतं आणि मग एके दिवशी त्याचं ‘लर्निंग लिमिटेड’ होतं. पैसे मात्र रोज जात असतात. छोट्या धंद्याची मेहनत या रकान्यात जितकी जिरते तितकी दुसरीकडे कुठे जिरत नसेल, आणि जिरते तीही बऱ्याचदा जादा मेहनतीपायीच. म्हणून अजून चिडचिड होते.

आधी नियम. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या, जाहिरातींत एखादा अ‍ॅड सेट (एकाच प्रेक्षकवर्गासाठीचा जाहिरातींचा गट) स्थिरावायला शेवटच्या मोठ्या बदलानंतरच्या आठवड्यात साधारण ५० निकाल लागतात. निकाल म्हणजे आपण जे ध्येय निवडलं असेल ते: खरेदी, भरलेला फॉर्म, आलेला मेसेज. तोवर जाहिरात कुणाला दाखवावी हे यंत्रणा चाचपडत असते, त्यामुळे एका चौकशीमागचा खर्च आज एक तर उद्या त्याच्या तिप्पट. हेच ‘लर्निंग’. ५० होण्याची चिन्हं नसली की त्याचं ‘लर्निंग लिमिटेड’ होतं.

‘शेवटच्या मोठ्या बदलानंतर’ हे शब्द लोक गाळून वाचतात. फोटो बदलला, मजकुरातली ओळ बदलली, वयोगट किंवा परिसर बदलला, बोलीची (एका निकालासाठी किती मोजायचं याची) पद्धत बदलली, त्याच सेटमध्ये एक नवी जाहिरात घातली, की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. सात दिवस किंवा जास्त बंद ठेवून परत चालू केली तरी तेच. बजेट थोडंसं हललं तर सहसा बिघडत नाही, एकदम दुप्पट केलं तर बिघडतं. सेटचं नाव बदललं तर काहीच होत नाही. हात फारच शिवशिवत असतील तर तेवढं करावं.

आता रोज रात्री दुकान बंद झाल्यावर बसून जाहिरात ‘सुधारणारा’ माणूस डोळ्यांसमोर आणा. सोमवारी फोटो, मंगळवारी मथळा, बुधवारी वयोगट. त्याची जाहिरात महिनाभर कायम पहिल्या दिवशीच असते. चुलीवरच्या भाताचं झाकण मिनिटामिनिटाला काढून बघितलं तर तो शिजायचा कधी? वर सल्ले देणारे सांगतात, ‘रोज लक्ष घाला.’ लक्ष जरूर घालावं, हात घालू नये.

आकडेही फसवतात. मेटा विक्रीची नोंद विक्री झाली त्या दिवसाखाली करत नाही, जाहिरात दिसली त्या दिवसाखाली करतं. सोमवारी जाहिरात बघून क्लिक केलेल्या माणसाने गुरुवारी खरेदी केली, तर ती सोमवारच्या खात्यात चढते. म्हणजे मंगळवारी सकाळी दिसणारा सोमवारचा आकडा अर्धवटच असतो. किमतीची वस्तू असेल, गिऱ्हाईक घरात विचारून मग घेणार असेल, तर फारच अर्धवट. तरीही लोक मंगळवारी सकाळीच जाहिरात बंद करतात. वाट पाहायला मलाही आवडत नाही. पण सात दिवस होईपर्यंत मी तो रकाना फक्त दोनच गोष्टींसाठी उघडतो: जाहिरात नाकारली तर गेली नाही ना, आणि खर्च होतोय ना.

दुसरी जादा मेहनत म्हणजे तुकडे पाडणं. समजा, आठवड्याच्या बजेटमध्ये एकूण ६० चौकशा येऊ शकतात. एका सेटमध्ये त्या ५० चा उंबरा ओलांडतात. पण कुणीतरी हौसेने चार वेगवेगळे गट करतो, तरुण, गृहिणी, नोकरदार, जुनी गिऱ्हाइकं, आणि प्रत्येकाला येतात पंधरा-पंधरा. चारही ‘लर्निंग लिमिटेड’. उपाय कंटाळवाणा आहे: सेट एकत्र करा. तेवढ्यानेही ५० होत नसतील तर ध्येय एक पायरी अलीकडचं घ्या, ‘खरेदी’ऐवजी ‘कार्टमध्ये टाकलं’. सुरू करण्याआधीच हिशेब मांडावा: एका निकालाचा अंदाजे खर्च गुणिले ५०, भागिले ७. हे रोजचं बजेट परवडत नसेल तर खरेदीचं ध्येय निवडूच नये.

पायरी किती खाली उतरायची यालाही मर्यादा आहे. मेसेजचं ध्येय घेतलं की ५० पटकन भरतात आणि ‘लर्निंग’ हटल्याचा आनंद होतो. पण आलेले मेसेज उघडून बघा. एकावर एक तेच तयार वाक्य: याबद्दल अधिक माहिती मिळेल का? जाहिरातीने आपणहून भरून दिलेलं, समोरच्याने नुसतं बोट टेकवलेलं. उत्तर पाठवलं तर पुढे शांतता. यंत्रणा बोट टेकवणारी माणसं शोधायला शिकली, कारण तेच तिला मोजायला दिलं होतं. ते तयार वाक्य बदलता येतं. तिथे माप, तारीख किंवा नग विचारणारं काहीतरी ठेवावं, आणि किंमत जाहिरातीतच लिहावी. मेसेज कमी येतील, पण बोलणारे येतील.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: वेबसाइटवर विक्री असेल तर पैसे भरल्यानंतरचं ‘धन्यवाद’ पान रिफ्रेश करून पाहा. खरेदी दुसऱ्यांदा नोंदली गेली तर ५० चा आकडाच खोटा आहे. प्रत्येक ऑर्डरचा क्रमांक नोंदीबरोबर पाठवून दुबार नोंद गाळायला वेबसाइटवाल्याला सांगा.

आणि पोस्टखालचं ‘बूस्ट’चं, म्हणजे तीच पोस्ट पैसे देऊन पसरवायचं, बटण. त्याचं ध्येय न बघता दाबलं तर लाइक गोळा होतात, ऑर्डर नाही.

ज्या आठवड्यात जाहिरातीला हात लावायचा नाही, त्या आठवड्यात व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी (एकच मेसेज एकदम अनेकांना स्वतंत्रपणे पाठवायची) तपासावी. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. बाकीच्यांसाठी बनवलेली सणासुदीची चित्रं कुणी पाहिलेलीच नसतात. तेव्हा बिल देताना गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगावं, तिथल्या तिथे, फोन हातात असतानाच.