बांधावरचा रोख व्यापारी सोडून समितीत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्याचे पाहुणे दर वेळी हेच विचारतात: "बांधावर येऊन नोटा मोजणारा असताना कांदा घेऊन बाजार समितीत कशाला जाता? तिथं ठरावीक परवानेवालेच बोली लावणार ना?"

द्राक्षांमुळे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, बाजार समितीच्या आवाराबाहेर कुणालाही माल विकायची मोकळीक दिली. तीन वर्षांनी बाहेरगावचा एक व्यापारी बागेत आला. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख, तिसरीला चेक. चेक वटला नाही, फोन बंद. समितीत गेलो तर म्हणाले, व्यवहार आवाराबाहेरचा, आमच्याकडे नोंद नाही. पोलिसांनी पूर्ण नाव विचारलं तेव्हा लक्षात आलं, आम्हाला त्याचं आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं. परतताना वडील रस्ताभर काही बोलले नाहीत.

परवान्यानं भाव वाढत नाही. पण माणूस कोण, त्याचं खळं (माल उतरवायची जागा) कुठं, हे कुठंतरी लिहिलेलं असतं. हातात पट्टी, म्हणजे विक्रीची पावती असते, चोवीस तासांत पैसे द्यायचं बंधन असतं, मोडलं तर परवाना निलंबित करता येतो. बँक हमीही घेतात, पण रोजच्या खरेदीपुढे ती चिल्लर.

म्हणून समितीत सगळं गोड आहे असं समजू नका. ट्रॅक्टरभोवती पंधरा जण फिरतात, खरी बोली तिघा-चौघांचीच. लिलावातला भाव खळ्यावर टिकेलच असंही नाही. माल ओतायला लागलं की 'खाली बदला (हलका कांदा) निघाला' म्हणून वांधा, म्हणजे तक्रार काढायची आणि क्विंटलमागे शे-दीडशे उतरवायचे. गाडी अर्धी रिकामी झालेली, परत कुठं नेणार? आणि सप्टेंबर २०२३ आठवा. केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलेलं, भांडण व्यापारी आणि सरकारचं. नाशिक जिल्ह्यातले लिलाव जवळजवळ दोन आठवडे बंद, आणि साठवणीच्या चाळीत सडला तो आमचा कांदा.

माझं म्हणणं, परवाना हवाच, पण पुरेशी हमी भरेल त्या प्रत्येकाला मिळावा. मग चौघांनी लिलाव बंद केला तरी पाचवा येईल. २०२० च्या केंद्राच्या कृषी कायद्यात समितीच्या आवाराबाहेर नुसत्या पॅनकार्डावर खरेदी करता येणार होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो रद्द झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पॅनकार्ड त्या द्राक्षवाल्याकडेही असेलच की.

उन्हाळ कांद्याचे दोन ट्रॅक्टर अजून चाळीत आहेत. सोमवारी नेतोय, समितीतच.